फॅमिलीसाठी स्वस्त विमान तिकीट आणि मागून निघणारे खर्च: सारखे विचारले जाणारे प्रश्न

मार्च लागला की माझ्या फोनवर तिकिटांचे स्क्रीनशॉट यायला सुरुवात होते, मे महिन्याची सुट्टी, मग गणपती, मग दिवाळी. सोसायटीतले, चुलतभाऊ, बायकोच्या ऑफिसातले, सगळ्यांचा एकच मेसेज: "हे बरोबर आहे का बघ ना जरा." मी काही एजंट नाही, फक्त सहा जणांच्या घरासाठी बरीच वर्षं तिकिटं काढतोय आणि त्यात चिक्कार पैसे घालवून बसलोय. तेच तेच उत्तर परत टाइप करायचा कंटाळा आला म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतो. हे सगळं देशातल्या देशात प्रवासाबद्दल आहे.

१. स्क्रीनवर ४,१५० दिसतं आणि पैसे भरताना भलताच आकडा येतो, मधले पैसे जातात कुठे?

भाचीने पाठवलेला स्क्रीनशॉटच सांगतो. चौघं जण, एका बाजूचं तिकीट माणशी ४,१५०, म्हणजे १६,६००. पेमेंटच्या पानावर आले २१,१९६. उघडून बघितलं तर सीट निवडल्याचे ३५० प्रमाणे १,४००, इन्शुरन्स २४९ प्रमाणे ९९६, दोन सँडविचच्या डब्यांचे ८०० आणि कन्व्हीनियन्स फी माणशी ३५० म्हणजे परत १,४००. तिने यातलं काहीच मागितलं नव्हतं म्हणे, "नेक्स्ट नेक्स्ट करत गेले." सीट, इन्शुरन्स, खाणं काढल्यावर आकडा १८,००० वर आला, तीन हजार एकशे शहाण्णव वाचले, ते पण एका बाजूचे.

कर मात्र सुटत नाहीत. इकॉनॉमीला ५ टक्के जीएसटी, सुरक्षा शुल्क माणशी २००, आणि विमानतळाची युझर फी, जी प्रत्येक विमानतळाची वेगळी असते. पण हे बहुतेक वेळा पहिल्या आकड्यात धरलेलं असतं, म्हणून शेवटी जे वाढतं ते करांमुळे वाढलं असं समजून गप्प बसू नका, "फेअर ब्रेकअप" का काय लिहिलेलं असतं त्यावर टिचकी मारा आणि एकेक ओळ वाचा. कन्व्हीनियन्स फी माणशी आणि प्रत्येक फ्लाइटला लागते, जाऊन-येऊन चौघांची आठ वेळा, आणि तिकीट रद्द केलं तरी ती परत येत नाही. काही ठिकाणी यूपीआयने भरलं की कमी लागते, तेवढं ट्राय करून बघा.

न विचारता टोपलीत वस्तू टाकणं हे आता नियमाबाहेर आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ लबाड्यांची यादीच काढली. विमा नको म्हटलं की "मी असुरक्षित राहीन" असल्या वाक्यावर टिक करायला लावून लाज आणणं, तेही त्यात आहे. तरी टिक काढायचं काम आपलंच आहे, हे धरून चला.

२. बाळाला तिकीट लागतं का? आणि पाच वर्षांच्या मुलीला हाफ तिकीट मिळेल ना?

बाळ दोन वर्षांच्या आतलं असेल तर मांडीवर, वेगळी सीट नाही, पण फुकट नाही. ठरावीक रक्कम असते, दीड-दोन हजारांच्या आसपास, कंपनीनुसार कमीजास्त. गंमत म्हणजे सेलमध्ये मोठ्या माणसाचं तिकीट दोन हजारांना मिळत असेल तर मांडीवरचं बाळ जवळजवळ तेवढ्यालाच पडतं. एका मोठ्या माणसामागे एकच बाळ. वयाचा पुरावा हवा, जन्मदाखल्याची झेरॉक्स बॅगेत टाकून ठेवा, कुणी बघत नाही असं वाटतं आणि मग नेमकं आपल्यालाच विचारतात.

पाच वर्षांची मुलगी म्हणजे स्वस्त विमानांत पूर्ण तिकीट. एसटीत मुलांना अर्धं, बायकांना अर्धं, आजोबांना ७५ नंतर फुकट, तो हिशोब डोक्यात घेऊन विमानाचं बजेट काढू नका. बाळाचा दुसरा वाढदिवस ट्रिपच्या मध्येच येत असेल तर प्रश्न १३ बघा.

३. नक्की कधी बुक करायचं? मंगळवारी रात्री स्वस्त असतं म्हणतात, आणि इनकॉग्निटोमध्ये (ब्राउझरच्या प्रायव्हेट विंडोत) बघावं म्हणतात.

मंगळवारचं मला तरी कधी दिसलं नाही. इनकॉग्निटोचंही तेच, दर वाढतो तो बहुतेक त्या दराच्या सीट संपल्या म्हणून. फरक पडतो तो प्रवास कोणत्या दिवशी आहे त्याने. शाळेची सुट्टी लागते त्या पहिल्या शुक्रवारी रात्री निघायचं ठरवलं की संपलं, तोच प्रवास मंगळवारी-बुधवारी केला तर चित्र वेगळं दिसतं. गूगल फ्लाइट्स किंवा स्कायस्कॅनरवर महिन्याचं कॅलेंडर उघडा, प्रत्येक तारखेखाली दर असतो, दोन दिवस मागेपुढे सरकवून बघा आणि अलर्ट लावून ठेवा. सुट्टीच्या तारखांना मी दोन-तीन महिने आधी काढून मोकळा होतो, दिवाळीला शेवटच्या आठवड्यात दर उतरेल या आशेवर बसू नका.

४. एकट्यासाठी शोधलं तर ४,२००, पाच जण टाकले की ५,१००. हे काय गौडबंगाल?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, कारण इथे खरंच पैसे वाचतात आणि फार कमी लोकांना माहीत असतं. विमानातल्या सगळ्या सीट एकाच दराच्या नसतात, दरांचे कप्पे असतात. समजा ४,२०० च्या कप्प्यात तीनच सीट उरल्यात आणि पुढचा कप्पा ५,१०० चा आहे. तुम्ही एकदम पाच मागितल्या की सिस्टीम तीन स्वस्त आणि दोन महाग असं करत नाही, पाचही जण बसतील असा कप्पा शोधते आणि सगळ्यांना ५,१०० लावते. म्हणजे २५,५००. तेच आधी तिघांचं आणि मग दोघांचं काढलं तर १२,६०० अधिक १०,२००, २२,८०० झाले. सत्तावीसशे रुपये नुसते दोनदा बुक केल्याचे.

म्हणून आधी एक टाका, मग दोन, तीन असं करत दर कुठे उडी मारतो ते बघा, तिथेच तोडा.

पण तोडताना डोकं लावा. प्रत्येक पीएनआरवर (म्हणजे एका बुकिंगचा नंबर, एकत्र काढलेल्या सगळ्यांचा एकच) एक मोठा माणूस हवाच, मुलं एकटी एका पीएनआरवर टाकू नका (का ते प्रश्न ५ मध्ये). फ्लाइटची वेळ बदलली तर दोन्ही पीएनआर वेगवेगळे बदलून घ्यावे लागतात. आणि फरक माणशी शे-दीडशेचा असेल तर कशाला डोक्याला ताप, एकत्रच काढा.

५. सीटचे पैसे नाही भरले तर मुलगा एकीकडे आणि आम्ही दुसरीकडे असं होईल का?

एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएने (विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) कंपन्यांना सांगितलंय की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाजवळ सीट द्यायची आणि त्याची नोंद ठेवायची. "त्याच पीएनआरवर" हे शब्द महत्त्वाचे. आणि "निदान एक", म्हणजे आई आणि मुलगा शेजारी, बाबा बावीस रांगा मागे, असं होऊ शकतं आणि होतं. दोन तासांचा प्रवास आहे, बाबांना शांत झोप मिळते, आमच्याकडे तरी कुणाची तक्रार नाही.

सीट निवडायचं पान आलं की "स्किप" कुठेतरी कोपऱ्यात बारीक अक्षरात असतं, ते शोधा. वेब चेक-इन (घरूनच ऑनलाइन बोर्डिंग पास काढणं) उघडल्या उघडल्या करा, साधारण ४८ तास आधी उघडतं, तेव्हा मधल्या काही सीट फुकट दिसतात. मुलगा तेरा वर्षांचा असेल तर नियम लागू नाही, पण काउंटरवर लवकर जाऊन नीट विचारलं तर बऱ्याचदा करून देतात.

६. वेब चेक-इन राहून गेलं तर काउंटरवर बोर्डिंग पासचे पैसे घेतात का?

नाही. पूर्वी काही जण २०० रुपये घ्यायचे, जुलै २०२२ मध्ये विमान वाहतूक मंत्रालयाने ते बंद करायला लावलं. काउंटर मात्र सुटायच्या ६० मिनिटं आधी बंद होतो.

७. बॅगांचं कसं? १५ किलो म्हणजे सगळ्यांचे मिळून की प्रत्येकाचे?

प्रत्येकाचे, पण एका पीएनआरवर असाल तर काउंटरवर एकत्र मोजून घेतात, त्यामुळे आईची बॅग १९ आणि मुलीची ९ असली तरी चालून जातं. पीएनआर तोडले असतील (प्रश्न ४) तर इथे वाद होऊ शकतो, सगळे एकदमच काउंटरवर जा. हातातली एक बॅग ७ किलोपर्यंत. बाळाला स्वतःचे १५ किलो मिळत नाहीत, बाबागाडीचं काय ते कंपनीच्या साइटवर बघून घ्या.

आता सापळा. सगळ्यात वर दिसणारं सगळ्यात स्वस्त तिकीट कधीकधी फक्त हातबॅगेचं असतं. एअर इंडिया एक्सप्रेसचं "लाइट" भाडं असंच आहे, त्यात चेक-इन बॅग धरलेली नसते. एकट्याने दोन दिवस बंगळुरूला जाऊन यायचं तर मस्त आहे, पण बायको-मुलांसकट आठ दिवस सासरी जायचं तर नंतर बॅगेचे पैसे भरून नेहमीच्या भाड्याच्या वर जाता. जास्तीचं वजन लागणारच असेल तर घरून ऑनलाइन विकत घ्या, काउंटरवर किलोचा भाव बराच जास्त असतो.

घरात वजनकाटा नसेल तर रद्दीवाल्याचा हूकवाला काटा मागा. खरंच सांगतोय, माझे सासरे तेच करतात आणि आजवर एक रुपया जास्तीचा भरला नाहीये त्यांनी.

८. लोणचं, नारळ, लाडू नेता येतात का?

लाडू, चकल्या, चिवडा बिनधास्त, हातबॅगेतही. लोणचं हातबॅगेत नको, मोठ्या बॅगेत, बरणीला दोन पिशव्या बांधून. नारळ हातबॅगेत अडवतात. सुकं खोबरं तर कुठेच नको, त्यातल्या तेलाने पेट घेऊ शकतं म्हणून मोठ्या बॅगेतूनही काढायला लावतात. आमच्या मावशीने बहिणीसाठी दीड किलो खोबऱ्याच्या वाट्या भरल्या होत्या, स्क्रीनिंगवाल्यांनी बॅग उघडायला लावली आणि मावशी तिथेच त्या पोराला विचारत होती, "अरे, तुझ्या घरी आमटीत काय घालतात मग?" पॉवर बँकेचं उलटं, ती हातबॅगेतच.

९. कंपनीच्या साइटवरून काढू, मोठ्या वेबसाइटवरून की आमच्या गल्लीतल्या एजंटकडून?

शोधा कुठेही, काढा शक्यतो थेट. कारण साधं आहे, थेट काढलेलं असेल आणि प्रवास सात दिवसांहून पुढे असेल तर बुकिंगनंतर निदान पहिल्या २४ तासांत दंड न भरता रद्द करता किंवा बदलता येतं, फक्त बदलताना दरातला फरक भरायचा. नावातली चूक २४ तासांत कळवली तर तीही फुकट दुरुस्त करून देतात. मधे वेबसाइट असली की कंपनी म्हणते त्यांच्याशी बोला, ते म्हणतात कंपनीशी बोला, आपण मधल्या मधे टेनिस बॉल.

कुपन खरं असतं कधीकधी, बँकेच्या कार्डावर हजार-बाराशे सुटतात, मीही घेतो. फक्त कुपन लावल्यावरचा शेवटचा आकडा आणि कंपनीच्या साइटवरचा शेवटचा आकडा शेजारी शेजारी ठेवून बघा. "झिरो कॅन्सलेशन" म्हणून जे विकतात त्यात किती तास आधीपर्यंत आणि जास्तीत जास्त किती रुपये मिळणार हे वाचल्याशिवाय घेऊ नका. नो कॉस्ट ईएमआयमध्ये प्रोसेसिंग फी असते.

गल्लीतल्या एजंटला सरसकट नावं ठेवायची नाहीत, लग्नाचं वऱ्हाड किंवा दहाच्या वर माणसं असतील तर ग्रुपचा दर तो काढून देतो आणि नावं नंतर दिली तरी चालतं.

१०. नवी मुंबई की मुंबई, गोव्यात मोपा की दाबोळी? स्वस्त असेल ते घेऊ ना?

तिकिटाच्या दरात कॅब मिळवा आणि मग बोला. मोपा उत्तरेला, पेडण्यात, सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडच्यांना सोयीचं. घर किंवा हॉटेल मडगाव-कोलव्याकडे असेल तर दाबोळी. माणशी ४०० वाचवून मोपाला उतरलात आणि दक्षिण गोव्याला टॅक्सी केली की चौघांचे वाचलेले १,६०० तर गेलेच, वर मुलं गाडीत उलट्या करतात ते वेगळं. कदंबाची बस आहे मोपाहून, सामान कमी असेल तर ती बघा.

नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला, पनवेल-खारघरच्या लोकांची चांदी. शोधताना "मुंबई" टाकलं की कधी दोन्ही मिसळून येतात, जाताना एक आणि येताना दुसरं असं नकळत काढून बसाल आणि गाडी भलत्याच पार्किंगला. पुण्याहून मुंबई गाठून स्वस्त विमान पकडायचं असेल तर एक्सप्रेसवेचा कारचा टोल एका बाजूचा ३२०, पेट्रोल, पार्किंग, आणि पहाटे साडेपाचच्या फ्लाइटसाठी रात्री अकराला घर सोडणं, हे सगळं मांडून बघा. आम्ही एकदा असं करून एकूण सातशे वाचवले होते आणि दुसऱ्या दिवशी सगळे हॉटेलात झोपून होते.

११. आधारवर आडनाव आधी आहे, बायकोचं माहेरचं नाव आहे, तिकिटावर काय लिहू?

जे ओळखपत्र दाखवणार त्यावर जसं आहे तसं. कागदावर "कुलकर्णी सुनंदा विनायक" असेल तर सुनंदा हे नाव आणि कुलकर्णी आडनाव, क्रम उलटा असला तर काही बिघडत नाही. मधलं नाव गळलं तरी सहसा अडवत नाहीत. लग्नानंतर नाव बदललं पण आधार जुनंच असेल तर जुन्याच नावाने काढा, घरात सगळे काहीही म्हणोत. आजींच्या कार्डावर नुसतं "लक्ष्मीबाई" एवढंच असेल तर दोन्ही रकान्यांत काय भरायचं ते प्रत्येक कंपनीचं वेगळं, आधी कस्टमर केअरला विचारा. फोनमधल्या ऑटोफिलने एकाच माणसाचं नाव तीनदा भरल्याची केस माझ्याकडे दरवर्षी येते. चूक लक्षात आली तर लगेच प्रश्न ९ मधले २४ तास आठवा.

१२. आम्हीच रद्द केलं तर काय परत मिळतं? "नॉन रिफंडेबल" लिहिलंय.

तसं लिहिलं असलं तरी कर आणि विमानतळाची फी परत मिळालीच पाहिजे, सेलचं तिकीट असो की फ्लाइट चुकलेली असो. कित्येक जण हे मागतच नाहीत. रद्द करायचा दंड मूळ भाडं आणि इंधन अधिभार मिळून जे होतं त्याच्या वर घेता येत नाही. पैसे खात्यात घ्यायचे की कंपनीकडे क्रेडिट म्हणून ठेवायचे हे तुम्ही ठरवायचं, ते परस्पर ठरवू शकत नाहीत. चौघांपैकी एकालाच ताप आला तर पूर्ण पीएनआर रद्द करू नका, एकाचं वेगळं काढून रद्द करता येतं.

१३. जाताना बाळ २३ महिन्यांचं, येताना दोन वर्षं पूर्ण. आता?

येताना सीट घ्यावी लागणार, वय प्रवासाच्या दिवशीचं धरतात. जाण्याचं आणि येण्याचं तिकीट वेगवेगळं काढा, एकात काढायला गेलात तर सिस्टीम गोंधळ घालते. नाहीतर वाढदिवसाच्या आदल्या दिवशी परत या, केक घरी कापा.

१४. स्वस्त पडतं म्हणून नागपूर-मुंबई एक आणि मुंबई-कोची दुसरं असं आपणच जोडलं तर?

दोन वेगळी तिकिटं म्हणजे दुसऱ्या कंपनीला तुमच्या पहिल्या फ्लाइटशी देणंघेणं नाही. पहिली लेट झाली, दुसरी सुटली, तर दुसऱ्याचे पैसे बुडाले (कर तेवढे मागा). बॅगा मधे उतरवून परत चेक-इन करायच्या, मुंबईत टर्मिनल बदललं तर रस्त्याने जायचं. मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर मी करत नाही. करायचंच तर मधे पाच-सहा तास ठेवा.

१५. आई-बाबा साठीच्या पुढे आहेत, सवलत आणि व्हीलचेअर?

साठीनंतर काही कंपन्या ज्येष्ठांची सवलत देतात, पण ती फक्त मूळ भाड्यावर, आणि त्याच फ्लाइटचं साधं सेलचं तिकीट कधीकधी त्याहून कमी असतं. दोन्ही उघडून बघा. सवलत घेतली तर वयाचा पुरावा दाखवावा लागतो. चालायला त्रास असेल तर व्हीलचेअर ४८ तास आधी मागून ठेवा.

१६. कंपनीनेच फ्लाइट रद्द केली किंवा सहा तास लेट केली तर?

दोन आठवडे आधी कळवलं तर दुसरी फ्लाइट किंवा पूर्ण पैसे, एवढंच. २४ तासांच्याही आत कळवलं आणि दोष त्यांचा असेल तर वर भरपाई, फ्लाइट एक तासापर्यंतची असेल तर ५,०००, एक ते दोन तासांची ७,५००, त्याहून मोठी १०,०००, किंवा मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, दोन्हींतलं जे कमी ते. धुकं, वादळ असेल तर भरपाई नाही. लेट सहा तासांच्या वर जात असेल तर दुसरी फ्लाइट किंवा रिफंड मागा. बुकिंगमध्ये एजंटचा नंबर टाकलेला असेल तर रद्द झाल्याचा मेसेज त्याला जातो आणि भरपाई हुकते, म्हणून नंबर आणि ईमेल स्वतःचाच टाका.

१७. मी केंद्र सरकारी नोकरीत आहे, एलटीसीवर (सरकार रजेतल्या प्रवासाचं भाडं देतं ती सवलत) जायचंय, वरचं सगळं चालेल का?

प्रश्न ९ तुम्हाला लागू नाही. एलटीसीच्या विमान तिकिटासाठी बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी या तिघांकडूनच काढावं लागतं, दुसरीकडे हजार रुपयांनी स्वस्त मिळालं म्हणून काढलंत तर बिल अडकतं. प्रश्न ४ वाली तोडफोड करण्याआधी ऑफिसातल्या बिल बघणाऱ्या माणसाला विचारा.

१८. पैसे कापले, तिकीट नाही, कुणी फोन उचलत नाही. तक्रार कुठे?

आधी कंपनीला ईमेल, फोन नव्हे, लेखी असू दे. मग सरकारचं एअरसेवा ॲप, त्यात पीएनआर टाकून तक्रार होते. वेबसाइटने न सांगता पैसे लावले असतील तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. पेमेंटच्या प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट ठेवा. मला पाठवायचाच असेल तर पैसे भरण्याआधी पाठवा, नंतर पाठवून उपयोग नाही.